चहात गोळी कुटून घालू का?

(पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान ४७ वर्षांचे, १८ वर्षं औषध कंपन्यांत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन कंपनीच्या औषधांचा प्रचार करणारे प्रतिनिधी. दिवाळीनंतर त्यांचं बीपी १६६/१०४ निघालं. आठवड्याने पुन्हा मोजलं तरी जवळपास तेवढंच. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली. 'बूट घट्ट व्हायला लागलेत' अशी कुरकुर करत त्यांनी चार महिने गोळी घेतली आणि एक दिवस बंद केली. आता म्हणतात, "सगळं मार्केटिंग आहे. मी आतून बघितलंय, तुला काय माहीत?" त्याऐवजी एका ओळखीच्यांकडून दरमहा २,६०० रुपयांचा हर्बल ज्यूस आणि कॅप्सूल घरात येतात. सासूबाईंनाही ते 'निम्म्या गोळ्या फेकून दे' असं सांगू लागले आहेत. ताई लिहितात, "वादात मी हरते, कारण त्यांना खरंच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सकाळच्या चहात गोळी कुटून घालावी असं रोज मनात येतं. घालू का? आणि ते म्हणतात तेच खरं असेल तर?"

ताई,

नका घालू. हे आधी सांगते, कारण बाकीचं पत्र वाचायला तुम्हाला वेळ लागेल आणि उद्या सकाळी पुन्हा चहा होईल.

एक तर गोळी किती पोटात गेली, चहा अर्धा टाकला का, हे तुम्हाला कळणार नाही. गाडीवरून फिरतीला गेलेल्या माणसाला वाटेत चक्कर आली, तर समोरच्या डॉक्टरांना तो खरंच सांगेल की मी काहीच घेत नाही. पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. तुमच्या यजमानांची तक्रारच अशी आहे की लोकांच्या शरीरात काय जातंय आणि का, हे त्यांना धड सांगितलं जात नाही. तेच त्यांच्या स्वयंपाकघरात घडलं आणि कधीतरी त्यांना कळलं, तर तुमच्या हातचा चहाही त्यांना विश्वासाने पिता येणार नाही. मनात आलं म्हणून स्वतःला दोष मात्र देऊ नका. घाबरलेल्या माणसाच्या मनात असंच येतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो तुम्ही पत्राच्या शेवटी घाईने लिहिलाय, पण खरा प्रश्न तोच आहे. ते म्हणतात ते खरं असेल तर?

पुष्कळसं खरं आहे, ताई. मी ३१ वर्षं प्रॅक्टिस केली. माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर तुमच्या यजमानांसारखी माणसं बॅग मांडीवर घेऊन तासन् तास बसत. त्यांनी दिलेली पेनं मी वापरली, पॅड वापरली, सॅम्पलं घेतली, कंपनीच्या खर्चाने झालेल्या परिषदांना गेले. याचा माझ्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही असं मी मनापासून मानत होते. ते चूक होतं. कुठल्या डॉक्टरच्या किती चिठ्ठ्या, कुठल्या ब्रँडच्या, हे एमआर मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून टिपून घेतात. त्याला ते 'आरसीपीए' म्हणतात. मीही त्या वहीत मोजली जात होते, हे मला फार उशिरा कळलं. परतावा मिळत नसता तर ती वही कुणी ठेवली नसती.

आणि हे काही घरगुती संशय नाहीत. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवास घेऊ नयेत, असा नियम वैद्यकीय परिषदेने २००९ मध्येच केला होता. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की डॉक्टरांना दिलेल्या अशा वस्तूंचा खर्च दाखवून कंपन्यांना आयकरात सवलत घेता येणार नाही. त्या निकालात सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप यांचा उल्लेख आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषधांच्या मार्केटिंगसाठी नवी आचारसंहिता काढली, तिच्यातही पुन्हा तेच बंद करायला सांगितलं आहे. एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालून केलेली 'कॉम्बिनेशन्स' घ्या. २०१६ मध्ये अशा ३४४ मिश्रणांवर सरकारने बंदी घातली, ते प्रकरण कोर्टात गाजलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ बंद केली. त्यातली कितीतरी माझ्यासारख्यांनीच वर्षानुवर्षं लिहून दिली होती. तेव्हा तुमचे यजमान 'मी आतून बघितलंय' म्हणतात, तेव्हा त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. त्यांनी बघितलंय.

फक्त त्यांनी नेमकं काय बघितलंय, हे शांतपणे विचारायला हवं. त्यांनी विक्री बघितली आहे. अ‍ॅम्लोडिपिनचे डझनावारी ब्रँड आहेत. त्यांचं काम होतं, डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचा ब्रँड न लिहिता आमचा लिहावा. सगळी धडपड, डॉक्टरांना दाखवायची सगळी चित्रं-तक्ते, टार्गेट, मॅनेजरचे फोन, हे 'आमचा की त्यांचा' यासाठी. वाढलेलं बीपी रक्तवाहिन्यांना इजा करतं का आणि गोळीने ती टळते का, हा प्रश्न त्या बॅगेत कधी नव्हताच. तो फार आधी, आणि दुसरीकडेच, सुटला होता.

कुठे ते सांगते. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी इस्पितळं आहेत. तिथल्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना औषधं, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. साधारण दीड-दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर काहीतरी झालं: मृत्यू, लकवा, हार्ट फेल होणं, मूत्रपिंड किंवा डोळ्यांवर आघात. औषध घेणाऱ्यांत असे दोन होते. सत्तावीस आणि दोन. त्या काळात बरेच डॉक्टरही मानत होते, की वय वाढलं की बीपी वाढतंच, त्याला हात लावू नये. तो समज या आकड्यांनी मोडला.

त्या अभ्यासात वापरलेल्या तीन औषधांपैकी एक होतं रिसर्पिन. ते येतं सर्पगंधेच्या मुळीतून. आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली ही वनस्पती. मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन, नीट मोजमाप करून, १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध लिहिला. तेव्हा कुठे जगाचं लक्ष तिकडे गेलं. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा. 'आपलं नैसर्गिक' आणि 'त्यांचं केमिकल' अशी भिंत ते घालतात, त्या भिंतीला इथे मोठं दार आहे. झाडातून औषध आलं म्हणून डॉ. वकिलांनी ते मोजायचं सोडलं नाही. आणि पुढे मोजता मोजताच कळलं, की रिसर्पिनने काही जणांना खोल नैराश्य येतं. म्हणून ते मागे पडलं आणि त्याहून बरी औषधं आली. निसर्गातली गोष्टही अशीच पारखावी लागते.

आणखी एक अभ्यास त्यांना आवडेल, कारण तो त्यांच्याच बाजूचा आहे. अमेरिकेच्या सरकारी हृदयसंस्थेने ३३ हजारांवर लोकांवर जुनं, स्वस्त, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध आणि नवी, महाग औषधं यांची तुलना केली. २००२ मध्ये निकाल लागला. हार्ट अटॅक टाळण्यात नवी औषधं जुन्यापेक्षा सरस ठरली नाहीत. नव्यांतलं एक अ‍ॅम्लोडिपिनच होतं, जे तेव्हा जोरात विकलं जात होतं. म्हणजे जाहिरातीचा फुगा फुटला, पण बीपी उतरवण्याचा फायदा मात्र जिथल्या तिथे राहिला. ताई, मला एवढंच दाखवायचं आहे, की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जाहिरात खोटी निघाली म्हणजे आजार खोटा ठरत नाही.

आज अ‍ॅम्लोडिपिनचं पेटंट कधीच संपलं आहे, जनऔषधी दुकानात ती अगदी किरकोळ दरात मिळते. तुमच्याच जिल्ह्यात, सातारा धरून राज्यातल्या काही जिल्ह्यांत, २०१७ नंतर बीपी नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजायचं, ठरलेल्या साध्या तक्त्याप्रमाणे गोळी फुकट द्यायची, महिन्याने पुन्हा बोलवायचं. आधी अ‍ॅम्लोडिपिन, पुरेशी नसेल तर टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी जोडायची. तिथे एमआरची बॅग नाही, कुणाला फ्रिज मिळत नाही. 'सगळं मार्केटिंग आहे' असं म्हणणाऱ्या माणसाला मी विचारेन, की मग या गोळीतून इथे कोण कमावतंय?

आरोग्याच्या प्रचारात शंका घेण्यासारखं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संघटनांनी 'हाय बीपी'ची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. रातोरात तिथले ४६ टक्के प्रौढ बीपीचे रुग्ण ठरले. आदल्या दिवशी ते ३२ टक्के होते. रेघ कुठे ओढावी यावर प्रामाणिक डॉक्टरांमध्येही वाद आहे आणि असावा. आपल्याकडची मोफत शिबिरं घ्या. कंपनीचा बॅनर, रांगेत उभं राहून आलेल्या माणसाचं एकदाच घाईत मोजलेलं बीपी, आणि हातात चिठ्ठी. टाचेवर मशीन लावून हाडांची 'घनता' सांगायची आणि कॅल्शियम सुरू करायचं, अशी शिबिरं तुमच्या यजमानांनी स्वतः भरवली असतील. त्यावर त्यांनी जरूर चिडावं. १३४/८४ निघालेल्या माणसाने 'मला गोळी खरंच लागते का' असं विचारावं, आधी घरी मोजून बघावं. पण १६६/१०४, आठवड्याच्या अंतराने दोनदा, हे कुठल्याही रेघेच्या बरंच पलीकडे आहे. अमेरिकन रेघ घ्या, जुनी घ्या, तिथे वादाला जागा नाही.

आता बुटांकडे येते. तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. अ‍ॅम्लोडिपिनने पायाच्या घोट्यांना सूज येते. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना, आणि डोस जास्त असेल तर जास्त. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी आसपास झिरपतं, त्यामुळे होतं हे. मूत्रपिंड बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. सकाळी घातलेले बूट संध्याकाळी आवळतात, आणि दिवसभर उभं राहणाऱ्या, गाडीवर फिरणाऱ्या माणसाला ते फार जाचतं. डोस कमी करता येतो, टेल्मिसार्टन जोडली तर सूज पुष्कळदा उतरते, नाहीतर औषधच बदलता येतं. हे त्यांना कुणी विचारलं का? डॉक्टरांनी विचारलं नसेल. आणि मला वाटतं, त्यांनीही सांगितलं नसेल. कारण ज्या डॉक्टरांच्या दाराबाहेर १८ वर्षं 'सर, दोन मिनिटं' म्हणत उभं राहायचं, त्यांच्याच समोर पेशंट म्हणून बसून 'मला त्रास होतोय' म्हणणं फार अवघड असतं. त्या डॉक्टरांना कुठल्या कंपनीने काय दिलं, हेही त्यांना पाठ असणार. अशा माणसाच्या हातची चिठ्ठी गळ्याखाली उतरत नाही. तुम्हाला हा औषधांवरचा वाद वाटतो. माझ्या मते यात सुजलेले पाय आहेत आणि मोडलेला विश्वास आहे, आणि दोन्हींवर उपाय आहे.

म्हणून त्यांच्या कॉल लिस्टवर, म्हणजे ते कंपनीच्या कामासाठी ज्यांना भेटतात त्या यादीत, नसलेला डॉक्टर शोधा. दुसऱ्या तालुक्यातला चालेल, प्राथमिक आरोग्य केंद्र चालेल, ग्रामीण रुग्णालय किंवा साताऱ्याचं सिव्हिल चालेल. जिथे त्यांना कुणी 'अमुक कंपनीचा माणूस' म्हणून ओळखत नाही अशी जागा हवी.

जाण्याआधी घरी आठवडाभर मोजा. दंडावर पट्टा बांधायचं इलेक्ट्रॉनिक मशीन आणा, मनगटाचं नको. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, न बोलता बसायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे बीपी वाढलेलं. वही त्यांनाच लिहू द्या. आकड्यांशी त्यांचं रोजचं नातं आहे, आणि हे आकडे त्यांना कुणी विकलेले नसतील. मोजताना कधी १८०/१२० च्या वर गेलं आणि छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, अंधारी येणं यातलं काहीही असलं, तर पहाटेचे तीन असोत, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

ज्यूसबद्दल. दरमहा २,६०० रुपये. त्याच्या बाटलीवर काय-काय आहे आणि किती मिलिग्रॅम, हे त्यांना वाचायला सांगा, जसं ते प्रतिस्पर्धी कंपनीचं लेबल वाचतात. त्यात ज्येष्ठमध आहे का बघा, कारण जास्त प्रमाणात रोज पोटात गेलं तर ज्येष्ठमधाने बीपी वाढतं. बीपी बरं करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणूनच असली उत्पादनं ओळखीच्या माणसाच्या तोंडून, घरात बसून विकली जातात. त्या ओळखीच्यांनाही टार्गेट आहे, वरच्या साखळीला कमिशन आहे. तुमच्या यजमानांनी १८ वर्षं जे केलं ते दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यावर केलंय. पण हे तुम्ही तोंडावर फेकू नका, ते दुखावतील. एवढंच विचारा, की याची तपासणी कुणी, किती लोकांवर केली? डॉक्टरांच्या गोळ्यांवर ते शंका घेतात ना, तीच शंका इथे.

सासूबाईंच्या गोळ्यांबाबत मात्र मी निम्मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. वयस्कर माणसाच्या डब्यात सहा-सात-आठ गोळ्या साठतात. कधीतरी अँटिबायोटिकबरोबर सुरू झालेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू राहते, दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिलेलं असतं, टॉनिक आणि मल्टिव्हिटॅमिन कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. हा डबा नीट बघायला घरात त्यांच्याइतका तयार माणूस नाही. फक्त फेकू नका. काही औषधं, विशेषतः बीपी-हृदयाची, झोपेची, फिटची, एकदम थांबवली तर उलटतात. त्यांना कागदावर तक्ता करू द्या: ब्रँडचं नाव, आतलं औषध, कशासाठी, कधीपासून. तो तक्ता घेऊन आईला डॉक्टरांकडे नेऊ द्या. आईच्या निमित्ताने ते पुन्हा एकदा डॉक्टरांसमोर बसतील, हेही माझ्या मनात आहे.

हाच तक्ता इतर वाचकांनीही आपल्या घरी करावा. चिठ्ठी हातात पडली की विचारा: ही कशासाठी, किती दिवस, नाही घेतली तर काय होईल, काय त्रास होऊ शकतो. एका गोळीत दोन-तीन औषधं असतील तर ती सगळी लागतात का. औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून मागा. नियमानेही डॉक्टरांनी तसं लिहायला हवं. ब्रँड लिहिलेला असेल तर दुकानदाराला तो आपल्या मनाने बदलता येत नाही, म्हणून जनऔषधी दुकानात जायचं असेल तर मूळ नाव लागतंच. या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. मला असे प्रश्न पहिल्या दहा वर्षांत फार थोड्यांनी विचारले, आणि ज्यांनी विचारले त्यांच्या चिठ्ठ्या मी जास्त विचार करून लिहिल्या.

मीठ कमी करा, लोणचं-पापड-ठेचा आवरा, तंबाखू असेल तर सोडायला मदत घ्या. याने काही आकडे खाली येतील, पण एवढ्या बीपीला तेवढ्यावर भागणार नाही.

आज रात्री वाद नका घालू. ते बूट काढतील तेव्हा शेजारी बसा, घोट्यावर बोट दाबून बघा खड्डा पडतो का, आणि गोळी घेत होते तेव्हा किती सूज येत होती ते विचारा. ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घ्या. मग म्हणा, "हे मला आधी का नाही सांगितलं?"